कुंपणावरच्या गांगुर्डे बाई

शकुंतला गांगुर्डे. बाईंचं हे नाव आधी लिहिते, मग बाकीचं. लिहायची सवय नसलेल्या माणसाचं काही खरं नसतं. अर्ध्यावर हात थांबला तर निदान नाव तरी लिहून झालेलं असावं.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडं, हायवेपासून आत, द्राक्षाच्या बागांमध्ये जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची एक शाळा आहे. बाई तिथं पहिली-दुसरीला होत्या. माझी थोरली हिरा शाळेत टिकली ती त्यांच्यामुळं. धाकट्या सोनीचं काय झालं ते सांगायलाच हे लिहितेय. पण आधी बाई कशा होत्या ते सांगायला हवं, नाहीतर त्यांनी केलं ते कुणाला खरं वाटायचं नाही.

बाईंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, ही बाई आत्ताच कुणाशी तरी भांडून आली आहे. बहुतेक वेळा ते खरंच असायचं. त्या नाशिकहून एस.टी.नं यायच्या. आमच्या फाट्यावर थांबा नव्हता, पण बाई तिथंच उतरायच्या. रोज नवा कंडक्टर, रोज तेच भांडण. उतरून बागांमधल्या वाटेनं चालत येताना त्या स्वतःशीच राहिलेलं भांडण पुरं करायच्या. ठेंगण्या, रुंद, गालात कायम लवंग. घड्याळ पुरुषी, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. पिशवीत जुन्या साड्यांचे चौकोनी तुकडे, पोरांची नाकं पुसायला. नाशिकला त्या आंबेडकरी वस्तीत राहायच्या. डिसेंबरात एक दिवस पांढरी स्वच्छ साडी नेसून यायच्या आणि त्याच साडीनिशी पोरांत फरशीवर बसायच्या. संध्याकाळी परत जाताना पाठीवर खडूचे आणि खिचडीचे पंजे उमटलेले असायचे.

त्यांची एक तऱ्हा होती. आम्हा मोठ्यांना त्या सरळ अगं-अरे करायच्या आणि लहान पोरांना अहो-जाहो. "अहो, नाक पुसा आधी." "अहो बाईसाहेब, चप्पल उलटी घातलीत." एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "तुला मोठेपणी कुणीतरी अहो म्हणेल गं कधी. या वयात यांना कोण म्हणतं?" मला मोठेपणीही कुणी म्हटलं नव्हतं.

त्या गोड नव्हत्या हेही सांगते. रागावल्या की जिव्हारी लागेल असं बोलायच्या. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. गाणं तर इतकं बेसूर म्हणायच्या की शाळेमागचं कुत्रं उठून जायचं. पण पोरं तेच सूर शिकली. आजही सोनी ती गाणी तशीच म्हणते, आणि बरोबर म्हटलेलं तिला चुकीचं वाटतं.

आम्ही सुरगाण्याच्या पलीकडचे, गुजरातच्या हद्दीजवळच्या पाड्यावरचे. भात-नागली घरात आली की तिकडं हाताला काम नसतं. दसऱ्यानंतर मुकादमाची जीप यायची आणि आम्हाला इकडं बागांवर आणून सोडायची, ती शिमग्याला परत न्यायची. मधले महिने आम्ही कुठल्याच गावचे नसायचो. मी तिसरीत असताना माझ्या कडेवर भाऊ आला आणि माझी शाळा गेली. कुणी काढलं नाही. पोर कडेवर घेऊन वर्गात बसता येत नव्हतं, एवढंच. मग हिरा पाच वर्षांची झाली आणि तिच्या कडेवर सोनी आली.

मांडवाच्या लोखंडी अँगलला लुगड्याची झोळी बांधायची, त्यात बारकं पोर टाकायचं, आणि थोरलीनं झोका द्यायचा. नवरा-बायको मिळून कामाला आलेल्या सगळ्या जोड्यांचं असंच चालायचं. पण सोनी झोळीत मावण्यापुढं गेली होती. ती चालायची, नव्हे पळायचीच. आणि आमच्या खोपीपासून थोड्या अंतरावर आबांचं शेततळं होतं. आबा म्हणजे बागेचे मालक. तळ्याला काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. आदल्या हंगामात शेजारच्या मळ्यावर एक पोरगा असाच गेला. आमच्याच बाजूचा. दुसऱ्या दिवशी त्याची आई कामावर होती, कारण जीप शिमग्याशिवाय परत जाणार नव्हती. मी तिच्या शेजारच्या ओळीत घड विरळत होते. तेव्हापासून माझ्या पोटात जे बसलं ते बसलं. हात घडावर आणि कान तळ्याकडं.

शाळेतलं तांदूळवाटप बंद होऊन खिचडी शिजायला लागली, त्या वर्षीची गोष्ट. दिवाळीनंतर एका सकाळी बाई थेट बागेत आल्या. मांडवाखाली वाकून, केसांत पानं अडकलेली.

"ही कुणाची?" हिराकडं बोट करून त्यांनी विचारलं.

"माझी."

"शाळेत का नाही?"

"बाई, ती आली तं बारकीला कोन बगल?"

"बारकीलाही आण."

"बारकी चारची बी नाय. तेवढ्याला घेत नायत."

"कोण घेत नाही?"

मी म्हटलं, "सरकार."

"सरकार आत्ता इथं उभं आहे," बाई म्हणाल्या, "आणि त्याला उशीर होतोय. चला हो," हे सोनीला. सोनीनं माझ्याकडं पाहिलंही नाही. बाईंचं बोट धरलं आणि गेली. मागून हिरा, रिकाम्या कडेनं. रिकाम्या कडेनं तिला चालताच येत नव्हतं. एका बाजूला कललेलीच चालत गेली.

हळूहळू दहा-बारा बारकी पोरं जमली, सगळी कुणा ना कुणा बहिणीच्या मागून आलेली. खोल्या भरलेल्या, म्हणून बाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं. ओट्याची पायरी उंच होती, पोरं पोटावर घसपटत चढायची. बाईंनी आबांच्या गड्याकडून एक चपटा दगड आणवला आणि पायरीखाली टाकला. मुख्याध्यापक देवरे गुरुजी सटाण्याकडचे, निवृत्तीला आलेले, भित्रे पण मनानं वाईट नव्हेत. ते म्हणाले, "बाई, सहा पूर्ण झाल्याशिवाय नाव नाही घालता येत. आणि नाव नाही तर शाळेच्या हिशेबी मूलच नाही."

"मूल आहे गुरुजी. तुमच्या चपलेवर मुतलंय आत्ता."

गुरुजी घाबरले की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. "बाई, मना पेन्शनना सवाल शे!"

"पोरांना चौथ्या वर्षी घरी ठेवलं तर सहाव्या वर्षी येतात कुठं? तोवर यांच्या कडेवर पुढचं आलेलं असतं," बाई म्हणाल्या, आणि चपलेवर पाणी ओतलं.

ओट्यावर लिहिणं-वाचणं काही नव्हतं. बाई वाटाणे निवडायला लावायच्या, पानं लहान-मोठी लावायला लावायच्या, चिखलाचे बैल करवायच्या. सोनी पहिले कितीतरी दिवस तोंडच उघडेना. बाईंची भाषा तिला कळत नव्हती. मग बाईंनी हिराला गुरू केलं. "तुमच्यात 'इकडं ये' कसं म्हणतात? 'कुठं चाललास' कसं म्हणतात?" दुसऱ्या दिवशी ओट्यावरून बाईंचा आवाज: "अठं ये! कठं जाहास?" तोही बेसूर. सोनी इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि उचकी थांबल्यावर ती बोलायला लागली. ती आजतागायत थांबलेली नाही.

माझे ते थोडे दिवस कसे गेले सांगू? मी हातातल्या घडाकडं बघून काम करत होते. एवढंच. ज्याच्या पोटात ती भीती नाही त्याला यात काय आहे ते कळायचं नाही.

मग खिचडीवरून तक्रार झाली. नाव नसलेली पोरं खिचडी खातात, आमच्या पोरांच्या वाटची खातात, असं शाळेजवळच्या वस्तीतल्या कुणीतरी लिहून दिलं. साहेब तपासणीला येणार, असं ठरलं. देवरे गुरुजींना झोप लागेना. त्यांनी एक वाट काढली. ती त्यांनी बाईंना सांगितली तेव्हा मी हिराचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मला माहीत.

"सगळ्यांची जन्मतारीख एक जून टाकू. सहा पूर्ण. पहिलीत नावं घालू. कोण विचारतो?"

आमच्याकडच्या निम्म्या माणसांचा जन्म असाच एक जूनचा आहे, कुठल्या ना कुठल्या गुरुजींनी दिलेला. मला वाटलं, सुटलो. पण बाईंनी लवंग थुंकली.

"चारच्या पोराला पहिलीत बसवून काय करू? पाटीवर लिही म्हणून हात पिरगाळू? वर्षभरात धसका घेऊन पळेल, पुन्हा येणार नाही. गुरुजी, मला यांना सहाचं करायचं नाहीये. मला यांना चारचंच ठेवायचंय. शाळेत."

"चारचं पोर शाळेत बसत नाही, बाई."

"बसलंय. बाहेर जाऊन बघा."

इथपर्यंत जे झालं ते बाईंचं. पुढचं आम्ही केलं.

आमच्या खोप्यांत ठकूबाय म्हणून मुकादमाची म्हातारी होती, सगळ्यांत मोठी, सगळं माहीत असलेली. ती म्हणाली, "सायब काय करतो ठावं हाय का? पोराचा हात डोक्यावरनं घेतो नि पलीकडचा कान धरवतो. लागला हात तं घेतो, नाय लागला तं हाकलून देतो." हे खोटं नव्हतं. माझं नाव घातलं तेव्हा आमच्या गुरुजींनी असंच केलं होतं. सहा वर्षांच्या आत हात कानापर्यंत पोहोचत नाही, असा त्यांचा हिशेब.

झालं. बागेतून आलो की चुली पेटायच्या आधी सगळ्या आया पोरांना ओळीनं बसवायला लागल्या. खोबरेल लावून हात चोळायचे, ओढायचे. नाहीच पोहोचत. तेव्हा ठकूबायनंच युक्ती काढली. "मान वाकडी कर रं. कान खांद्याला टेकव. आता धर." धरला! मग तेच. सायब दिसला की काय करायचं? मान वाकडी, हात वर, कान घट्ट. सोनी तर पाणी प्यायला मागतानाही कान धरून उभी राहायला लागली. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना सांगावं असं आम्हाला वाटलंच नाही. उलट वाटलं, बाईंना मदत होईल.

साहेब आले त्या दिवशी बागेत सकाळी औषध मारत होते, म्हणून आम्ही बाया कुंपणाच्या तारेपाशी उभ्या होतो. साहेब तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी खोल्या बघितल्या, फळा बघितला. मग ओट्यावर आले. बारकी पोरं वाटाणे निवडत होती. साहेब सोनीसमोर उकिडवे बसले आणि हसून म्हणाले, "काय नाव बाळ तुझं?"

सोनीनं मान वाकडी केली, हात डोक्यावरून घेतला आणि कान धरला. तिचं बघून शेजारच्यानं धरला. मग सगळ्यांनी. ओटाभर पोरं माना वाकड्या करून, कान गच्च धरून साहेबांकडं तिरकी बघत बसली. एकाच्या नाकातून शेंबूड ओघळत होता, पण त्यानं हात सोडला नाही.

कुणी हसलं नाही. देवरे गुरुजी मटकन खुर्चीवर बसले.

साहेब उठले. त्यांचं हसू गेलं होतं. "बाई, हे काय आहे? यांना सहाचं दाखवायला शिकवलंय?"

बाईंचा आवाज मोठा असला की आम्हाला काही वाटायचं नाही. त्या हळू बोलल्या की भीती वाटायची. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मला माहीत नाही, साहेब."

तारेपलीकडून ठकूबाय ओरडली, "आमी शिकवला! बायला नाय ठावं. बायला काय नका करू."

बाईंनी आमच्याकडं वळून पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. त्यात राग होता, आणि दुसरंही काही होतं, त्याला मला शब्द नाही. मग त्या ओट्यावर बसल्या, एकेका पोराचा हात धरून खाली घेतला. "सोडा. दुखेल. सोडा हो, झालं." सगळे हात खाली आल्यावर उभ्या राहिल्या.

"सहाचं एकही नाही, साहेब. चारची आहेत, पाचची आहेत, हे तर साडेतीनचे आहेत. मी यांना सहाचं म्हणणार नाही. पण ही शाळेत नसली तर यांच्या बहिणीही शाळेत नसतात. त्या सहाच्या आहेत, आठच्या आहेत. त्यांच्यासाठी तरी नियम आहे ना तुमचा?"

"अंगणवाडी आहे की गावात."

"आहे. हायवेच्या पलीकडं. चार वर्षांचे होऊन ओलांडून दाखवा."

साहेबांनी हायवेच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं मला पटतंय. पण मला काय पटतं यावर चालत नाही. तक्रार लेखी आहे. उद्यापासून सहाच्या आतलं मूल आवारात दिसलं तर मला वर कळवावं लागेल. फाटक लावून घ्या."

दुसऱ्या दिवशी फाटक लागलं. हिरानं सोनीला उचलून कडेवर घेतलं, डाव्या बाजूला, अगदी मी माझ्या भावाला घ्यायचे तसं. आणि ती सरळ चालायला लागली. कलली नाही. ते बघून मला जे झालं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दोन-तीन दिवस गेले. मणी फुगावेत म्हणून आम्ही घड औषधाच्या मगात बुडवत होतो. एक घड, दुसरा घड, असं ओळीनं जायचं. दुपार व्हायच्या आत ओळीच्या टोकावरून हिरा पळत आली.

"आई, सोनी नाय."

"नाय म्हंजे?"

"मी पानी प्याय गेले... तठं व्हती..."

बाग एकदम थांबली. आमच्या बायांना सांगावं लागत नाही, कुठं बघायचं ते. सगळ्या तळ्याकडं धावल्या. मी धावले नाही. चालत गेले, हातात औषधाचा मग तसाच. तळ्याच्या बांधावर आले तेव्हा माझ्या नवऱ्यानं कमरेला दोर बांधला होता आणि दोघांनी दुसरं टोक धरलं होतं. पाणी काळं, वर एक पान फिरत होतं. तो आत गेला. वर आला. मान हलवली. पुन्हा गेला. ठकूबाय तोंडात पदर घालून बसली होती. मी पाण्याकडं बघत नव्हते, मी त्या पानाकडं बघत होते. मला वाटत होतं, ते पान बुडेपर्यंत काही झालेलं नाही.

तो तिसऱ्यांदा वर आला तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं. शाळेच्या बाजूनं, मांडवाखालून वाकत, बाई येत होत्या. कडेवर सोनी होती. बाई पोरांना कधी उचलून घ्यायच्या नाहीत, "त्यांना पाय आहेत" म्हणायच्या. पण सोनी त्यांच्या कडेवर होती.

ती शाळेला गेली होती. एकटी, पाटाच्या कडेनं, ट्रॅक्टरची वाट ओलांडून. फाटक बंद होतं, म्हणून फाटकाला डोकं लावून बाहेरच बसली. आत वर्गात बाई गाणं म्हणून घेत होत्या, तर हिनं बाहेरून त्या गाण्याचे हातवारे सुरू केले. पहिलीतल्या एका पोरीनं खिडकीतून बघितलं नि सांगितलं, तेव्हा बाईंना कळलं.

बाईंनी बांधावर आमच्याकडं पाहिलं. दोर पाहिला. पाणी गळणारा माझा नवरा पाहिला. त्यांना सगळं कळलं. सोनीला त्यांनी माझ्या हातात दिलं नाही, आधी मातीत बसल्या, तिला घेऊनच. त्यांना गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. मग उठल्या, पोर मला दिलं आणि म्हणाल्या, "आबा कुठं आहेत?"

आबा टेम्पोपाशी कॅरेट मोजून घेत होते.

"आबा, शाळेच्या कुंपणाच्या अलीकडची जमीन कुणाची?"

"माझीच की. का?"

"साहेबांचा हुकूम पलीकडचा आहे. मला बांधाचा तुकडा द्या. कुंपणाला लागून. तरट टाकते."

"बाई, बांधावर शाळा भरवता? उद्या ही माणसं म्हणतील, जागा आमची."

"चार वर्षांची माणसं हक्क सांगायला लागली ना आबा, तर मी नोकरी सोडून त्यांची वकिली करीन. द्या तुकडा."

आबा हसणार होते, तेवढ्यात त्यांची नजर माझ्या नवऱ्याकडं गेली. त्याच्या कमरेला दोर तसाच होता, सोडायचा राहिला होता. आबांनी पेन खिशाला लावलं. "शिमग्यापर्यंत," म्हणाले. "मग जागा मोकळी." आणि दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता तळ्याच्या चारी बाजूंनी बाभळीचे काटे लावून घेतले.

बाईंनी आपला वर्ग खोलीतून काढून अंगणात, कुंपणाला चिकटून बसवला. तारेच्या अलीकडं तरटावर बारकी, पलीकडं पहिली-दुसरी. मधे तार तुटलेली एक जागा होती, तिथं द्राक्षाचं कॅरेट पालथं घालून बाई बसायच्या. एक पाय शाळेत, एक पाय बागेत. हिरा पलीकडं पाटीवर लिहायची आणि मान वळवली की तिला सोनी दिसायची. मला ओळीच्या टोकावरून दोघी दिसायच्या.

देवरे गुरुजी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की आत आहात की बाहेर?"

"हजेरीला आत. बाकी कुठं लागेल तिथं."

"आणि साहेब आले तर?"

"तर हा पाय उचलून घेईन."

साहेब आले. त्यांनी सगळं आवार फिरून बघितलं. मग अंगणात येऊन कुंपणाकडं पाठ करून उभे राहिले. तरटावरची पोरं तेव्हा बेसूर गाणं गात होती, तीही ओरडून. साहेब ऐकत राहिले. गाणं संपेपर्यंत वळले नाहीत. मग देवरे गुरुजींना म्हणाले, "आवारात लहान मूल नाही," आणि गेले.

पुढच्या हंगामात ती जागा आबांनी मागितली नाही. नंतर आम्ही इथंच राहिलो, मी पॅकहाउसला लागले, पाडा शिमग्यापुरता उरला. हिरा चौथी झाली, मग आश्रमशाळेत गेली, आता बारावीला आहे. सोनी आठवीत आहे. त्या तरटावरची सगळीच पोरं शिकली असं नाही. दोघं-तिघं आज बागेच्या ओळींतच असतात. बाईंना हे माहीत होतं. त्या पोरांची नावं निघाली की बाई विषय बदलायच्या नाहीत, "माझं काय चुकलं तिथं?" म्हणून खोदून विचारायच्या.

मग शिक्षण हक्काचा कायदा आला. बाईंनी शाळेत पेपर वाचला, घडी घातला, पुन्हा उघडला. मी हिराचा काही दाखला न्यायला गेले होते. "सहा ते चौदा," बाई म्हणाल्या. "अजून सहाच. पाचव्या वर्षी पोराला कुठं ठेवायचं ते लिहायचं राहिलं वाटतं." आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. त्या वर्षी त्यांच्या केसांत काळं काही उरलं नव्हतं.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा सत्काराला त्यांनी नकोच म्हटलं. शेवटच्या दिवशी मी फाट्यापर्यंत सोडायला गेले. पिशवीत पोरांनी दिलेले चिखलाचे बैल होते, फुटू नयेत म्हणून साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेले. बस आली, थांबली नाही, पुढं जाऊन थांबली. बाई ओरडतच धावल्या, ओरडतच चढल्या. कंडक्टर काहीतरी म्हणाला, त्याला त्यांनी पुरं म्हणू दिलं नाही. मग खिडकीशी बसल्या. काच अडकलेली होती, सरकेना. बाईंनी दोन्ही हातांनी ओढली, थाप मारली, नाही उघडली. तेव्हा काचेआडूनच त्या मला काहीतरी सांगायला लागल्या. बोट नाचवत, भुवया आवळून, भरभर. बस सुरू झाली होती, हायवेचा आवाज होता, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवली, "हो बाई, हो" म्हटलं. बस वळली तरी त्या बोलतच होत्या.

बाई काय सांगत होत्या ते मला अजून माहीत नाही. पण आमच्या पाड्यावर शाळा आहे, तिच्यात पहिलीच्या खालचं पोर अजूनही घेत नाहीत, आणि थोरल्या पोरी बारक्यांना कडेवर घेऊन तिच्या कुंपणाशी उभ्या असतात. शिमग्याला गेले की मी ते बघून येते. सोनी दहावी झाली की मी परत जाणार आहे. शिकवणं मला जमायचं नाही, माझी तिसरीही पुरी झालेली नाही. पण पोरं गोळा करून बसवता येतील, आणि जो कोणी नाही म्हणेल त्याच्याशी भांडता येईल. बाई, त्या दिवशी तुम्हाला न ऐकताच हो म्हटलं. ते हो मी एक दिवस फेडीन.